आधी भिंत, मग परवानगी

जुने खरेदीखत उघडून पाहिले, की त्यात एक ठराविक मजकूर हमखास सापडतो. पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस रहदारीचा रस्ता, दक्षिणेस बोळ, उत्तरेस तमक्याची पडीक जागा. याला चतुःसीमा म्हणायचे. आपली जागा म्हणजे काय, तर चार बाजूंच्या चौघांमध्ये जी उरते ती, अशी ही साधी आणि शहाणी व्याख्या आहे. आजच्या दस्तातही चतुःसीमा लिहितात. फरक इतकाच, की शेजारी कागदावर राहिला आणि व्यवहारातून गेला. प्लॉट घेताना, पाया आखताना, कुंपणाची भिंत चढवताना त्याला कोणी विचारत नाही. विचारायची वेळ येते ती भिंत उभी राहिल्यावर, आणि तीही बहुधा वकिलाच्या नोटिशीतून.

कुंपण हा काही रविवारच्या सकाळी चहाबरोबर वाचायचा विषय नव्हे, असे कोणाला वाटेल. पण आपापल्या घरात आणि भावकीत जरा डोकावून पाहावे. सख्ख्या भावांनी एकमेकांच्या घरच्या लग्नाला जाणे का सोडले, दोन शेजारणींचे हळदीकुंकू का थांबले, याचा शोध घेत गेले तर पुष्कळदा वीतभर जागेपाशी येऊन थांबावे लागते. बांध कोरणे हा शब्दप्रयोग शेतकऱ्याच्या घरात लहान पोरालाही समजतो. शेतातला बांध दरवर्षी नांगराच्या एका तासाने सरकतो. प्लॉटची भिंत एकदाच सरकते, पण कायमची सरकते.

या भांडणांत दोष माणसांच्या हावेचा आहेच. पण घर बांधणाऱ्याला नियमातून रास्त सवलत हवी असेल, तर ती आधी मागण्याची वाट आपल्याकडे कागदावर असूनही वापरात नाही. वापरात आहे ती दुसरी वाट: आधी बांधून टाकायचे, नंतर नियमित करून घ्यायचे. या सवयीची किंमत कोण मोजतो, ते पाहण्यासारखे आहे.

काळी आणि पांढरी

आपल्या जुन्या गावांत जमिनीचे दोन भाग होते. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. काळीला बांध होते, पांढरीला भिंती. पांढरीत घराला घर लागून असे, दोन घरांमधली भिंत पुष्कळदा सामाईक असे आणि तिची डागडुजी दोघांच्या खर्चाने होई. वळचणीचे पाणी शेजाऱ्याच्या अंगणात पडता कामा नये, बोळातून बैलगाडी निघाली पाहिजे, असे संकेत होते. ते कुठे छापलेले नव्हते, पण गावातल्या चार वडीलधाऱ्यांना पाठ होते. कोणाला ओसरी वाढवायची झाली तर तो आधी शेजारी जाऊन बसे. परवानगीची ही पद्धत आदर्श होती असे म्हणण्याचे कारण नाही. पंचांत ज्याचे वजन त्याची ओसरी वाढे, आणि गावकुसाबाहेरच्यांना तर विचारण्याचा हक्कच नव्हता. पण बांधण्याआधी विचारायचे, एवढा क्रम त्या पद्धतीला ठाऊक होता.

अंबड तालुक्यातले अंकुशनगर हे या पांढरीतून वाढलेले गाव नव्हे. महाकाळा परिसरात समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती हे नाव रुजले. नाव अर्थातच अंकुशराव टोपे यांचे. १९९१ ते १९९६ या काळात ते जालन्याचे खासदार होते. गोदाकाठच्या या पट्ट्याला जायकवाडीच्या डाव्या कालव्याने पाणी दिले, पाण्याने ऊस आणला आणि उसामागून कारखाना आला. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात अशी कारखान्याची गावे पुष्कळ आहेत. त्यांना गढी नसते, वेस नसते. चिमणी असते, वजनकाटा असतो, गव्हाणीकडे जाणाऱ्या बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग असते.

कारखाना आला, की माणसे येतात. काही कारखान्याच्या चाळीत राहतात. बाकीच्यांना, म्हणजे शिक्षक, गॅरेजवाला, औषध दुकानदार, कंत्राटी कामगार आणि चार पैसे गाठीला लावून निवृत्त झालेला फिटर यांना जागा हवी असते. जुने गावठाण भरलेले असते आणि त्याची हद्द वाढवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. मग रस्त्याकडेच्या शेताचे गुंठे पडतात. फकीने रेषा मारायच्या, चार कोपऱ्यांत दगड रोवायचे, मधे एक बैलगाडी जाईल एवढी वाट ठेवायची आणि तिला कॉलनी म्हणायचे. अशा वेळी काळी आणि पांढरी यांच्यातली रेषाच पुसली जाते. कागदावर ते शेत असते, जमिनीवर ती वस्ती असते. पुढची सारी भांडणे या दोहोंमधल्या अंतरातून उगवतात.

तेहेतीस फुटांचा हिशेब

गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. हा आकडा असा विचित्र का, तर जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती. तेहेतीस बाय तेहेतीसचा चौकोन म्हणजे एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. हे शेताचे माप आहे. साखळी धरणाऱ्यांच्या मनात जोंधळा आणि कापूस होता. स्वयंपाकघर, संडास आणि जिना नव्हता.

आता या चौकोनात घर बसवून पाहू. घराभोवती मोकळी जागा सोडावी लागते. नियमांच्या भाषेत त्याला सामासिक अंतर म्हणतात. ते किती, हे रस्त्याच्या रुंदीवर, प्लॉटच्या आकारावर आणि इमारतीच्या उंचीवर ठरते. हिशेबापुरते समजा, की पुढे दहा फूट, मागे पाच आणि दोन्ही अंगांना पाच-पाच फूट सोडायचे आहेत. उरले काय? खोली अठरा फूट, रुंदी तेवीस फूट, म्हणजे ४१४ चौरस फूट. पैसे मोजले १,०८९ फुटांचे आणि घर मिळाले त्याच्या दोन पंचमांशाहून कमी. अर्धा गुंठा घेणाऱ्याची गोष्टच नको. वीस बाय तीसच्या प्लॉटवर हीच अंतरे सोडली तर दहा बाय पंधराची एक खोली उरते.

म्हणून घर बांधणारा काय करतो? दोन्ही बाजूंना भिंत हद्दीला टेकवतो. वर गॅलरी काढतो, ती शेजाऱ्याच्या हवेत. पुढे पायऱ्या काढतो, त्या रस्त्यात. शेजारीही तेच करतो. दोन घरांमध्ये उरते ती एक फट, जिच्यात झाडू जात नाही आणि पावसाचे पाणी मात्र जाते. पुढे दोन्ही घरांच्या भिंतींना ओल येते आणि दोष एकमेकांच्या मोरीला दिला जातो.

सामासिक अंतराचा नियम कोणा साहेबाच्या लहरीतून आलेला नाही, हे ओल आल्यावर कळते. उजेड, वारा, शोषखड्डा आणि विहीर यांच्यातले अंतर, आग लागली तर आत शिरायला वाट, यांसाठी ती जागा असते. पण नियम बरोबर असला तरी तेहेतीस फुटांच्या चौकोनात तो गरिबाला परवडत नाही, हेही तितकेच खरे. नियम आणि गरज या दोघांची बाजू खरी असते, तेव्हाच सवलतीचा प्रश्न निर्माण होतो.

भिंत किती उंच?

महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. बृहन्मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे सोडली तर राज्यभर तिचा अंमल आहे. गावठाणात बांधकामाआधी परवानगी घ्यायची ती ग्रामपंचायतीची. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या ५२ व्या कलमात ते आहे. गावठाणाबाहेर जिल्हाधिकारी कार्यालय आणि नगररचना विभाग यांच्याकडे जावे लागते.

या नियमावलीत कुंपणभिंतीलाही जागा आहे. रस्त्याकडच्या भिंतीची उंची दीड मीटर, म्हणजे सुमारे पाच फूट. ती मोजायची रस्त्याच्या मध्यापासूनच्या पातळीवरून, आपल्या भराव घातलेल्या अंगणातून नव्हे. याहून उंच, २.४ मीटरपर्यंत भिंत हवी असेल, तर वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा किंवा गजांचा, आरपार दिसणारा हवा. कोपऱ्यावरच्या प्लॉटला आणखी एक बंधन आहे. दोन रस्ते मिळतात तिथे दहा मीटरपर्यंत भरीव भिंत पाऊण मीटरपेक्षा उंच नको. वर हवे तर गज लावा. आणि फाटक उघडायचे ते आतल्या बाजूला, रस्त्यावर नव्हे.

कोपऱ्याचा नियम वाचताना रुक्ष वाटतो. पण उसाने भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत वळणावर येतो आणि कोपऱ्यावरच्या सात फुटी भिंतीआडून सायकलवर शाळकरी पोरगी निघते, तेव्हा त्या पाऊण मीटरचा अर्थ कळतो. भिंत घरमालकाची असते, पण ती ज्याची नजर अडवते तो कोणीतरी दुसराच असतो.

महामार्गाच्या कडेला आणखी दोन रेषा आड येतात. अंबड तालुक्यातून धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग जातो. शहरांबाहेर अशा रस्त्याच्या मध्यापासून ४० मीटरवर इमारत रेषा आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा धरण्याचा रस्तेबांधणीचा संकेत आहे. या रेषा जमिनीवर दिसत नाहीत. गुंठा विकणारा त्या दाखवत नाही आणि घेणारा विचारत नाही. ‘रोड टच’ या दोन शब्दांनी किंमत वाढते. त्या शब्दांमुळेच पुढे बांधता येणारी जागा घटते, हे नंतर कळते.

किल्लारीचा धडा

नियम करणाऱ्यांचे सारे बरोबर आणि राहणाऱ्यांचे सारे चूक, असा निष्कर्ष काढण्याआधी आपल्या मराठवाड्यातलाच एक अनुभव आठवावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यानंतर ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवण्यात आली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे ठरली. रस्ते सरळ आणि रुंद, प्लॉट चौकोनी, घर प्लॉटच्या मधोमध आणि चहूकडे मोकळी जागा. नगररचनेच्या पुस्तकात शोभावी अशी मांडणी.

त्या मांडणीत एक गोष्ट राहून गेली. जुन्या गावातला वाडा रस्त्याकडे पाठ करून बसायचा. बाहेर आंधळी भिंत, आत चौक. बाईमाणसाचे दळणकांडण, वाळवण, न्हाणे, गुरांचे दावण हे सारे त्या भिंतीच्या आत चाले. नव्या गावात चौक गेला आणि घर चारी बाजूंनी उघडे पडले. मग लोकांनी आपापल्या परीने दुरुस्ती केली. प्लॉटभोवती भिंती चढल्या, अंगण आत घेतले गेले, न्हाणीला आडोसा झाला. बाहेरच्या पाहुण्याला त्या भिंती कुरूप वाटल्या असतील, पण त्या घरातल्या सुनेला विचारले असते तर तिने घराआधी भिंतच मागितली असती.

कुंपणाचा नियम कोणासाठी करायचा, हे ठरवताना कुंपणाच्या आत कोण राहते हे माहीत असावे लागते. दीड मीटरची भिंत शहरातल्या बंगल्याला पुरते. उघड्यावर न्हाणी असलेल्या घराला ती पुरत नाही. अशा घराने उंच भिंत मागितली तर ती हाव म्हणता येणार नाही. प्रश्न असा, की त्याने ती कोणाकडे आणि केव्हा मागायची?

मागायची सोय आहे

ती सोय नियमावलीतच आहे. एखाद्या विशिष्ट प्रकरणात नियम पाळण्याने उघड अडचण होत असेल, तर सक्षम अधिकारी लेखी विशेष परवानगीने मापांत सवलत देऊ शकतो. अट एवढीच, की त्यामुळे आरोग्य, आगीपासूनची सुरक्षा, इमारतीची मजबुती आणि सार्वजनिक सुरक्षितता यांना बाधा येऊ नये. बदल्यात अधिकारी अटी घालू शकतो, अनामत घेऊ शकतो, अधिमूल्य आकारू शकतो. तीन गोष्टी मात्र सवलतीच्या बाहेर आहेत: रस्त्यापासून सोडायचे अंतर, चटईक्षेत्र आणि वाहनतळ. नियमावलीतच वेगळे सांगितले असेल तेवढाच त्यांना अपवाद.

म्हणजे ज्याचा प्लॉट तिरका आहे, ज्याच्या जागेतून ओढा जातो, ज्याची रुंदी मुळातच पंधरा फूट आहे, त्याला बाजूच्या अंतरात सूट मागता येते. अर्ज करायचा, नकाशा जोडायचा, अडचण लिहायची. किती कुटुंबांना हे ठाऊक असते? घराचा नकाशा काढून देणाराही पुष्कळदा वेगळेच सांगतो. तो म्हणतो, नकाशा नियमात बसवून देतो, बांधताना तुम्ही तुमचे बघा. इथेच दोन घरे तयार होतात: एक कागदावरचे आणि एक विटांचे.

ही सवलत आधी आणि उघडपणे मागण्याची पद्धत अमेरिकेत शंभर वर्षांची आहे. न्यू यॉर्क शहराने १९१६ मध्ये जमीनवापराचे सर्वंकष नियम केले आणि नियमाबरोबर अपवादाचे दारही ठेवायला हवे, हे तिथे लवकरच ध्यानात आले. त्या अपवादाला ते ‘व्हेरियन्स’ म्हणतात. न्यू जर्सीत घर घेतलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांना हा शब्द ओळखीचा आहे. परसदारी नियमाहून उंच कुंपण हवे, किंवा खोली वाढवताना बाजूचे अंतर दोन फुटांनी कमी पडते, तर स्थानिक मंडळाकडे अर्ज करायचा. राज्याच्या १९७५ च्या कायद्यानुसार २०० फुटांच्या आतल्या मालमत्ताधारकांना सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी कळवावे लागते. मग सुनावणी उघडी होते. प्लॉट अरुंद आहे, उथळ आहे किंवा त्याचा आकार वेडावाकडा आहे, अशी जागेची खरी अडचण दाखवावी लागते. शेजारी येऊन म्हणू शकतो, की या कुंपणाने माझ्या वाफ्यावर सावली येईल, किंवा माझी काही हरकत नाही. मग निर्णय होतो, आणि त्यानंतर खड्डा खणला जातो.

तिकडचे सारे सोन्याचे आहे असे नव्हे. किमान प्लॉट मोठा ठेवायचा, म्हणजे गरीब आपल्या गावात घर घेऊच शकणार नाही, अशी चलाखी तिथल्या कित्येक गावांनी केली. न्यू जर्सीच्याच सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये माउंट लॉरेल या गावाच्या खटल्यात त्यावर ताशेरे ओढले आणि अल्प उत्पन्न गटांच्या घरांना वाव देण्याची जबाबदारी गावांवर टाकली. प्लॉटचे माप हे असे दुधारी शस्त्र आहे. लहान ठेवले तर हवा कोंडते, मोठे ठेवले तर माणूस बाहेर राहतो. पण अपवाद मागण्याची वेळ बांधण्यापूर्वीची आणि शेजाऱ्याला ऐकण्याची सक्ती, या दोन गोष्टी तिथून घेण्यासारख्या आहेत.

माफीची मालिका

आपल्याकडे सवलत येते ती घाऊक, आणि नंतर. २००१ मध्ये राज्याने गुंठेवारी विकासाचा कायदा केला आणि १ जानेवारी २००१ पूर्वीचे गुंठेवारीचे प्लॉट नियमित करण्याची वाट उघडली. औरंगाबाद, सांगली अशा शहरांभोवती हजारो कुटुंबे अशा घरांत राहत होती. त्यांना नळ, दिवे आणि गटारे देणे भागच होते. त्या कायद्याचा हेतू चांगला होता. पण २०२१ मध्ये ती तारीख पुढे सरकून ३१ डिसेंबर २०२० झाली. मधल्या वीस वर्षांत जे झाले, तेही पोटात घेतले गेले.

दुसरी वाट तुकडेबंदीची. शेतीचे तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ चा कायदा आहे. त्याविरुद्ध झालेले व्यवहार बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम भरून नियमित करण्याची तरतूद २०१७ मध्ये आली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी किमान क्षेत्र बागायतीला १० आणि जिरायतीला २० गुंठे असे ठरले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये २५ टक्क्यांचे शुल्क ५ टक्क्यांवर आले. आणि २०२५ च्या अखेरीस, शहरी व वस्तीसाठी राखलेल्या क्षेत्रांतले १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले व्यवहार विनाशुल्क नियमित करण्याचा निर्णय झाला.

अडकलेल्या कुटुंबांना यातून दिलासा मिळाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून ज्याला बँक दारात उभे करत नव्हती, त्याच्यासाठी हा मोठा दिवस आहे. पण शेजारच्या गल्लीतला एक माणूस आठवून पाहा. त्याने मंजूर रेखांकनातला महाग प्लॉट घेतला, सामासिक अंतरे सोडली, लहान घर बांधले. किंवा ज्याने पूर्वीच २५ टक्के भरून कागद नीट केले. त्याला या मालिकेतून कोणता धडा मिळाला? थांबला असता तर फुकटात झाले असते, हाच ना? आपल्या भाषेतली म्हण कुंपणच शेत खाते, असे सांगते. नियमाचेच कुंपण दर काही वर्षांनी मागे घेतले, तर ते कोणी मानावे कशासाठी?

आणि माफीने कागद सुधारतो, फट सुधारत नाही. व्यवहार नियमित झाला म्हणून दोन घरांमधली ओल जात नाही, अग्निशमनाची गाडी वळत नाही, बोळ रुंद होत नाही. शेजाऱ्याचा बंद झालेला उजेड कुठल्याही अध्यादेशाने परत येत नाही. माफी देणारे शासन आणि माफी घेणारा मालक, या दोघांच्या व्यवहारात तिसऱ्याला कोणी बोलावलेलेच नसते.

आधी मोजणी

मग साध्या कुटुंबाने करायचे काय? पहिली गोष्ट, भिंतीआधी मोजणी. भूमी अभिलेख विभागाच्या तालुक्यातल्या उपअधीक्षकांकडे अर्ज करून शुल्क भरले की मोजणी होते. जुन्या माणसांच्या तोंडी हे ऑफिस अजून ‘टीएलआर’ आहे. मोजणीआधी लगतच्या धारकांना नोटीस जाते, भूकरमापक येऊन हद्दीच्या खुणा दाखवतो आणि मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत मिळते. ती मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी होते. तिला निमताना मोजणी म्हणतात. चतुःसीमेतल्या शेजाऱ्याला सरकारी कागदाने बोलावणारी आपल्याकडे उरलेली ही एक जागा. त्या दिवशी चारही बाजूंच्या लोकांना स्वतः जाऊन बोलवावे, चहा करावा आणि खुणा सर्वांदेखत पक्क्या कराव्यात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने हद्दीच्या खुणा सांभाळण्याची जबाबदारी धारकावरच टाकली आहे आणि त्या मोडणाऱ्याला दंड सांगितला आहे.

वीतभर सरकलेल्या कुंपणाकडे ‘पाहू पुढे’ म्हणून काणाडोळा करणे महागात पडू शकते. मुदतीच्या कायद्यानुसार खासगी मालमत्तेचा ताबा परत मागायला बारा वर्षांची मुदत आहे. दुसऱ्याचा विरोधी कब्जा बारा वर्षे उघडपणे चालू राहिला, तर हक्कच हातचा जाण्याची भीती असते. गोडीने बोलायचे ते पहिल्या वर्षी बोलावे. तेराव्या वर्षी बोलायला फक्त वकील उरतात.

गावठाणातल्या घरांना आता आणखी एक आधार मिळतो आहे. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि २०२० पासून देशभर स्वामित्व योजना सुरू झाली. गावठाणातल्या घराला तिच्यातून मिळकत पत्रिका मिळते. पत्रिका हाती आली की ती पेटीत ठेवण्याआधी तिच्यातला नकाशा आणि अंगणातली भिंत ताडून पाहावी. वरून उडणाऱ्या यंत्राला भिंत दिसते. ती कोणाच्या जागेत आहे, हे खालच्या माणसांनीच सांगावे लागते.

दुसरी गोष्ट शासनाने करण्यासारखी. सवलतीचे कलम नियमावलीत झोपून आहे, त्याला जागे करावे. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ते मराठीत लिहावे. उंच भिंतीचा, कमी अंतराचा, वाकड्या प्लॉटचा अर्ज आला की लगतच्या चौघांना मोजणीसारखीच नोटीस द्यावी, त्यांचे म्हणणे ऐकावे आणि ठरल्या मुदतीत हो किंवा नाही कळवावे. न्हाणीच्या आडोशासाठी सहा फुटी भिंत मागणाऱ्या घराला ती मिळावी आणि कोपऱ्यावर नजर अडवणाऱ्याला ती नाकारावी. अंकुशनगरसारख्या ठिकाणी, जिथे आजही शेताचे गुंठे पडू शकतात, तिथे हे जितके लवकर होईल तितक्या कमी माफ्या पुढे द्याव्या लागतील.

खरेदीखतात शेजाऱ्याची नावे लिहिणाऱ्या जुन्या कारकुनाला नगररचना ठाऊक नव्हती. पण घराच्या चारही बाजूंना कोण राहते, हे लिहिल्याशिवाय तो पुढचा मजकूर घेत नसे. भिंतीची पहिली वीट ठेवण्यापूर्वी आपणही एवढे करावे. शेजारच्या घराची कडी वाजवावी.